दीडशे मैलांचा अभिमान

वस्तू आणि तिची कीर्ती यांत अंतर किती, हा आपला आजचा प्रश्न. उदाहरण घेऊ एका मोटारीचं.

मार्च १९६१. जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप लोकांपुढे आली. त्याच महिन्यात ‘द ऑटोकार’ या ब्रिटिश साप्ताहिकाने चाचणी छापली : ताशी १५०.४ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. किंमत मात्र दोन हजार पौंडांच्या जरा वर. मागणीची झुंबड उडाली.

आता गंमत पाहा. चाचणीची गाडी कंपनीनेच खास तयार करून दिलेली होती. गिऱ्हाइकाच्या गाड्या सहसा त्या आकड्यापर्यंत पोचत नसत. पुढे डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा आली, तेव्हा तो आकडा रस्त्यावर निरुपयोगीच झाला. तरी मालक आजही तोच सांगतात!

मग हा अभिमान पोकळ का? आम्ही तसं म्हणणार नाही. परीक्षकाने गाडी थोडे दिवस पाहिली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तो घालताना कुरकुरतो, बैठक अवघडवते, हे मालकाने रोज सोसलं. १९६४ च्या ४.२ लिटर मॉडेलमध्ये गिअरबॉक्स आणि बैठक दोन्ही बदलावी लागली, यातच सगळं आलं.

तेव्हा आकड्याचा अभिमान उसना, छापील. खोडी ठाऊक असूनही साठ वर्षं गाडी चालती ठेवली, हा अभिमान मात्र स्वतःचा. तो आपण मानायला हवा.