द्वीप, बेट आणि घोरणारी नळी

बडोद्यात मांजलपुरातल्या टूरवाल्यांच्या पाट्यांवर दिवाळीच्या तोंडावर दीव, लक्षद्वीप, मालदीव ही नावं शेजारी शेजारी दिसली, तर एकच शब्द तीनदा वाचल्यासारखं होतं. दीव म्हणजे घासून गुळगुळीत झालेला 'द्वीप'. मालदीवमध्येही तोच आहे, आधीचा 'माल' म्हणजे माला, असं बहुतेक जण मानतात. लक्षद्वीपात बेटं छत्तीस आणि नावात लाख. हे नाव सरकारी कागदावर आलं ते मात्र 1973 मध्ये.

'द्वीप' फोडला की 'द्वि' आणि 'अप्' निघतात. अप् म्हणजे पाणी. दोन्हीकडे पाणी आहे ते द्वीप. 'अप्'चं 'ईप' का व्हावं, याचा नियम पाणिनीनंच देऊन ठेवलाय: आधी द्वि, अंतर् किंवा एखादा उपसर्ग आला की हा बदल होतो. त्याच नियमानं 'अंतरीप' सिद्ध होतं आणि 'समीप'सुद्धा! 'मुहूर्त समीप आला' म्हणताना त्या शब्दात पाणी आहे, अशी शंका तरी कुणाला येते का?

गंमत अशी की या फोडीत जमिनीचं नावच नाही. द्वीप हा पाण्याकडून मोजलेला शब्द आहे. आपला 'बेट' नेमका उलटा. बांबूचंही बेट असतं. सपाटीत मध्येच दाटीनं वर आलेलं काही दिसलं की ते बेट, मग भोवती पाणी असो वा शेत. मला 'बेट' जास्त आवडतो, कारण तो डोळ्यांनी बघून ठेवलेला वाटतो. कोकण-गोव्यात खाडीतल्या बेटांना 'जुवे' म्हणतात ते आणखी निराळं.

बडोद्याच्या मराठी माणसाला बेट परकं नाही. द्वारकेजवळचं बेट, ज्याला गुजराती माणूस नुसतं 'बेट'च म्हणतो, ते ओखामंडळात, म्हणजे गायकवाडांच्या राज्यात होतं. त्याचं जुनं नाव शंखोद्धार, आणि तिथल्या समुद्रात शंख खरोखरच मिळत. सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळाच्या समुद्रजीवांची पाहणी करवली, तिच्या अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये छापून निघाला. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या दरबाराला पाण्याखाली काय आहे याची उत्सुकता होती, हे मला फार भावतं.

शब्दांची खरी अडचण होते ती शेजारधर्मात. शेजारच्या बेन 'टापु पर फरवा जवाना' म्हणतात, तेव्हा त्या समुद्रात चाललेल्या असतात. सोलापूरहून आलेल्या पाहुण्याला 'टापू' म्हणजे मुलूख, ज्यात बिबट्या फिरतो तो. पोवळ्याचं मात्र भांडण नाही. मराठी 'पोवळं' आणि गुजराती 'परवाळा' दोन्ही 'प्रवाल'चीच लेकरं. कच्छच्या आखातात नराऱ्याला तर ओहोटीत पायी चालत पोवळी बघता येतात, नळी लागत नाही.

नळी म्हणजे स्नॉर्कल. हा शब्द जर्मन 'श्नॉर्खेल', बोलीत नाक किंवा नाकाड. घोरणे या अर्थाच्या 'श्नारखेन'चा तो नातलग. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीला पाण्याखालूनच हवा ओढता यावी म्हणून जी नळी बसवली, तिला जर्मन खलाशांनी हे नाव दिलं. मूळ कल्पना डच नौदलाची. पुढे हे नाव पोहणाऱ्याच्या तोंडातल्या नळीलाही मिळालं. हो, तोंडातच! नाक मुखवट्यात बंद असतं, तरी नाव नाकाचं. मालवण-तारकर्लीच्या पाट्यांवर सरळ 'स्नॉर्कलिंग' लिहितात, आणि ते बरंच आहे. 'श्वासनळी' आधीच आपल्या गळ्यात आहे आणि 'घोरनळी' सुचवली, तर गिऱ्हाईक होडीत बसायचं नाही.