‘स्मार्ट’ : एका विशेषणाचे अर्थ आणि उपयोग

‘स्मार्ट’ हे इंग्रजी विशेषण मराठीत इतके रुळले आहे की त्याचा परकेपणा जाणवेनासा झाला आहे. मुलगा स्मार्ट, फोन स्मार्ट, विजेचा मीटर स्मार्ट आणि शहरही स्मार्ट. या चारही ठिकाणी अर्थाची छटा निराळी आहे आणि शब्दाचा मूळ अर्थ त्यांपैकी एकातही नाही.

जुन्या इंग्रजीत ‘स्मार्ट’ म्हणजे झोंबणारा, वेदना देणारा. ‘वेदना’ या अर्थाचा जर्मन ‘श्मेर्त्स’ आणि ‘दुःख’ या अर्थाचा डच ‘स्मार्ट’ ही त्याची सख्खी भावंडे. क्रियापदात हा अर्थ अजून जिवंत आहे. धुराने डोळे चुरचुरतात किंवा अपमान मनाला लागतो, तेव्हा इंग्रजी लेखक हेच क्रियापद वापरतो. एखादा संघ पराभवानंतर ‘स्मार्टिंग’ आहे असे क्रीडावृत्तात आले, तर तो संघ शहाणा झाला असे समजू नये. पराभव त्याला सलतो आहे, एवढेच. जखमी सैनिकांना व खलाशांना मिळणाऱ्या भरपाईला पूर्वी ‘स्मार्ट मनी’ म्हणत. आज त्याच शब्दांचा अर्थ जाणकार गुंतवणूकदारांचा पैसा असा होतो.

वेदनेपासून हुशारीपर्यंतचा प्रवास तसा सरळ आहे. झोंबणारा फटका जोरकस आणि झटपट असतो. त्यावरून चपळ, मग झटकन बोचरे उत्तर देणारा, आणि तेथून चतुर. हुशारीचा अर्थ सतराव्या शतकात, तर नीटनेटक्या पोशाखाचा अठराव्या शतकात आला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपलेही डोळे चुणचुणतात आणि मूल चुणचुणीत असते. ‘तीक्ष्ण’वरून आलेला ‘तिखट’ मिरचीला लागतो तसा जिभेलाही. तीक्ष्ण मात्र बुद्धीच राहिली.

खरी गफलत होते ती देशपरत्वे. ब्रिटनमध्ये ‘स्मार्ट’ म्हटले की आधी पोशाख आठवतो, अमेरिकेत बुद्धी. आपल्याकडे विवाहविषयक जाहिरातींतला ‘स्मार्ट’ बहुधा देखणा असतो. त्यामुळे ‘तो स्मार्ट दिसतो’ हे आपल्या माणसाने केलेले रूपाचे कौतुक अमेरिकी श्रोत्याला बुद्धीचे वाटू शकते. बोलण्याचा सूर बदलला की हाच शब्द उलटतो. ‘माझ्याशी स्मार्टपणा करू नकोस’ यात कौतुक नाही, उद्धटपणाची समज आहे. आपला लाडका ‘ओव्हरस्मार्ट’ याच वळणाचा. त्याला मराठीत ‘दीडशहाणा’ हा अधिक नेमका शब्द आहे.

यंत्रांना हे विशेषण लागले तेव्हा अर्थ पुन्हा सरकला. व्हिएतनाम युद्धातील लेसरच्या साहाय्याने लक्ष्य गाठणाऱ्या बॉम्बला ‘स्मार्ट’ म्हणत. पुढे कार्ड, फोन, दूरचित्रवाणी संच असे करत ते घरोघरी पोहोचले. येथे अर्थ बऱ्यापैकी निश्चित आहे : माहिती घेणारे, तिच्यावर प्रक्रिया करणारे किंवा ती पाठवणारे उपकरण. स्मार्ट मीटर वीजवापराची नोंद स्वतःहून कंपनीकडे पाठवतो, म्हणून तो स्मार्ट. बिल कमी येईल असे त्या शब्दात कोठेही नाही.

शहराच्या बाबतीत मात्र हा निश्चितपणा उरत नाही. केंद्राची ‘स्मार्ट सिटी’ योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. बेळगाव आणि इंदूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत होती; पणजीची निवड त्याच वर्षी मे महिन्यात झाली. स्मार्ट शहराची सर्वमान्य व्याख्या नाही, हे योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतच मान्य केलेले आहे. व्याख्याच नसेल तर शहर स्मार्ट झाले की नाही, हे नागरिकाने ताडून पाहायचे कशावरून? पणजीतील खोदकामाच्या धुळीचा प्रश्न २०२४ मध्ये उच्च न्यायालयासमोर गेला. त्या काळात रस्त्याने जाणाऱ्यांच्या डोळ्यांना या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ कळला असेल.

मराठीत लिहिताना या सर्व छटांना एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. माणूस हुशार, चलाख किंवा चुणचुणीत, पोशाख टापटिपीचा, उत्तर खोचक. फोन आणि मीटर यांना ‘स्मार्ट’च राहू द्यावे. आणि बातमीत ‘स्मार्ट रस्ता’ असे लिहिण्यापूर्वी त्यावर नेमके काय बसवले आहे, गटार, दिवे की कॅमेरे, ते लिहावे.