एक घटना की दोन?

सुट्टीच्या दिवशी विम्याची पॉलिसी वाचत बसणारा माणूस मी नाही. पण "घटना" या एका शब्दापायी साडेतीन अब्ज डॉलर्सचं भांडण झालं हे कळलं, आणि मग राहवेना.

तर झालं असं. जुलै २००१ मध्ये लॅरी सिल्वरस्टीन या बिल्डरने न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलं. जवळपास दोन डझन कंपन्यांकडे मिळून विमा उतरवला. मर्यादा, प्रत्येक घटनेमागे सुमारे ३.५५ अब्ज डॉलर्स. अंतिम पॉलिसी तयार व्हायची होती. तोवर बहुतेकांचं काम तात्पुरत्या करारावरच चाललं होतं. आणि ११ सप्टेंबर उजाडला.

तिथे जवळपास २,७५० माणसं गेली. त्यापुढे हा वाद कोरडाच वाटतो. पण नव्या इमारतींचा पैसा यातूनच यायचा होता, आणि मनोरे पडले तरी वर्षाचं सुमारे १२ कोटी डॉलर्स भाडं काही थांबलं नव्हतं!

दोन विमानं, दोन मनोरे, मध्ये सतरा मिनिटं. सिल्वरस्टीन म्हणाले, घटना दोन, पैसे दुप्पट द्या. कंपन्या म्हणाल्या, कट एक, घटना एक.

आता गंमत बघा. पॉलिसीचे दोन नमुने फिरत होते. ब्रोकरच्या नमुन्यात व्याख्या होती: एका कारणाने किंवा एकसारख्या कारणांच्या मालिकेने झालेलं सगळं नुकसान म्हणजे एकच घटना. ट्रॅव्हलर्स कंपनीच्या नमुन्यात शब्द होता, व्याख्याच नव्हती. (आपल्या भाषेत, व्हेरिएबल डिक्लेअर केलंय, व्हॅल्यू द्यायची राहिली.)

२००४ मध्ये ज्युरीने पहिल्या नमुन्यातल्या बहुतेक कंपन्यांना सांगितलं, घटना एक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या ज्युरीने नऊ कंपन्यांना सांगितलं, घटना दोन. सकाळ तीच, मनोरे तेच! शेवटी मे २००७ मध्ये तडजोड होऊन एकूण रक्कम सुमारे ४.५५ अब्जांवर थांबली.

याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाची जोखीम घेणं टाळलं, तेव्हा भारतीय विमा कंपन्यांनी एप्रिल २००२ मध्ये त्यासाठी सामाईक निधी उभारला. तो जीआयसीकडे सोपवला.

असो. तुमच्यापैकी कुणी दुकान, ऑफिस किंवा वर्कशॉप टाकत असेल तर प्रीमियमची घासाघीस जरूर करा. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: "घटना" म्हणजे काय, मर्यादा प्रत्येक घटनेला की वर्षाला, आणि जागा बंद पडली तर भाडं कोण भरणार? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.