टायग्रिस आणि युफ्रेटिस

टायग्रिस आणि युफ्रेटिस : प्राचीन मेसोपोटेमियावर बेतलेला, दोन ते चार जणांनी खेळायचा बैठा खेळ. जर्मन रचनाकार राइनर क्निझिया यांनी तो रचला व १९९७ मध्ये जर्मनीत तो प्रसिद्ध झाला. पटावर दोन नद्यांचे खोरे असते. मंदिर, शेत, बाजार व वसाहत अशा चार रंगांच्या चौकोनी टाइल्स मांडून राज्ये वाढवायची; शेताची टाइल मात्र नदीवरच बसते. राजा, पुरोहित, शेतकरी व व्यापारी या नेत्यांच्या गोल सोंगट्या मंदिराला लागूनच ठेवाव्या लागतात. एका टाइलने दोन राज्ये जोडली गेली आणि दोन्हींत एकाच रंगाचे नेते निघाले, की संघर्ष पेटतो. त्या रंगाच्या टाइल्स ज्याच्या बाजूने अधिक, तो टिकतो. बरोबरी झाल्यास बचाव करणारा जिंकतो. खरी मेख गुणमोजणीत आहे : चार रंगांपैकी ज्यात सर्वांत कमी गुण, तेच शेवटी धरले जातात. त्यामुळे नुसत्या लढाईखोराची डाळ शिजत नाही. इतिहासाचे तपशील यात बेताचेच. राज्यांची उलथापालथ मात्र अस्सल वाटते. १९९८ मध्ये या खेळाला ‘डॉयचर श्पीलप्राइस’ हा जर्मन पुरस्कार मिळाला.