उसाचा हंगाम आणि फुटबॉलची उतरंड

भारतीय फुटबॉलची राष्ट्रीय उतरंड 2023 साली कागदावर पुरी झाली. सर्वांत वर 2014 पासूनची इंडियन सुपर लीग, तिच्याखाली 2007 पासूनची आय-लीग, मग आय-लीग 2, त्या वर्षी नव्याने सुरू झालेली आय-लीग 3, आणि या साऱ्यांच्या बुडाशी राज्यांच्या व जिल्ह्यांच्या लीग. नियमाने पाहिले तर तळातला कोणताही क्लब जिंकत जिंकत वर जाऊ शकतो. म्हणजे बीडमधला क्लबही जाऊ शकतो. प्रत्यक्षात 11 तालुक्यांच्या आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 25 लाख 85 हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्याचा एकही संघ वरच्या चार थरांपैकी कुठेही खेळलेला नाही. याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ही कुस्तीची माती, इथे चेंडूचे वेड नाही, पैसा नाही, मैदाने नाहीत. हे उत्तर अपुरे आहे. पैसा आणि मैदाने यांची चणचण खरी आहे, पण तशीच चणचण असलेल्या कितीतरी गावांत फुटबॉल रुजला. बीडमध्ये तो रुजला नाही, कारण लीग नावाच्या व्यवस्थेला जे वेळापत्रक लागते ते या जिल्ह्याच्या कामाच्या वर्षात बसलेच नाही, आणि ते बसवून पाहण्याची तसदी वरच्या कोणत्याही संघटनेने घेतली नाही. हे पटवण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फुटबॉल भारतात पसरला तो छावण्या, गिरण्या, रेल्वे आणि कॉलेजे यांच्या वाटेने. 1888 साली सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला, 1891 मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक आला. दोन्ही गोऱ्या पलटणींचे खेळ होते. 1898 मध्ये कलकत्त्यात लीग उभी राहिली. स्पर्धा आणि लीग यांतला फरक इथेच लक्षात घ्यायला हवा. स्पर्धेला चार-आठ दिवस आणि दुरून आलेले संघ पुरतात. लीगला मात्र हाकेच्या अंतरावरचे आठ-दहा संघ लागतात, ते महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी नांदावे लागतात आणि दर आठवड्याला तेच खेळाडू मैदानावर उतरावे लागतात. कलकत्त्याच्या मैदानाभोवती हे शक्य होते. त्या काळी बीड निजामाच्या राज्यात होते. जिल्ह्यातल्या मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण ती घोडदळाची, आणि 1903 मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले. रेल्वे आली ती जिल्ह्याच्या टोकाला, परळीला. बीड शहरात पहिली गाडी धावायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. गिरण्यांची वस्ती नाही, रेल्वेची वसाहत नाही, मोठी छावणी टिकली नाही. फुटबॉलच्या या तिन्ही वाटा बीडला वळसा घालून गेल्या.

तरीही इतिहासाने एक संधी जवळ आणून ठेवली होती. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे देशाच्या संघाचेही गुरू झाले. त्या पाचही वर्षांत बीड हा हैदराबाद राज्याचाच जिल्हा होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस मेलबर्नला ऑलिंपिकचे फुटबॉल सामने सुरू झाले. भारत तिथे चौथा आला. संघाला घडवणारे रहीम हैदराबादचे होते आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोमंतकीय होता. बीड ज्या राज्यातून निघाले आणि ज्या राज्यात आले, त्या दोन्ही राजधान्यांचा फुटबॉल त्या दिवसांत ऐन भरात होता. पण दोन्हीकडची लीग शहराच्या वेशीच्या आत राहिली. जिल्ह्यांशी राजधानीचा संबंध निवड चाचणीपुरता. एका राजधानीकडून दुसरीकडे सोपवला गेलेला जिल्हा दोन्ही वेळा काठावरच राहिला.

आता कुस्तीच्या मातीचा मुद्दा. कुस्ती असते तिथे फुटबॉल रुजत नाही, हा समज कोल्हापूर खोडून काढते. कुस्तीसाठी महाराष्ट्रात कोल्हापूरहून मोठे नाव नाही, आणि राज्यातली सर्वांत जिवंत स्थानिक फुटबॉल लीगही तिथलीच. 1940 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमधल्या संघांची नावेच पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. ज्या तालमींत पोरे जोर-बैठका मारत, त्याच तालमींनी संघ उतरवले. पेठेचा अभिमान आधीपासून होता, वर्गणी गोळा करण्याची सवय होती, पोरांवर लक्ष ठेवणारी वडीलधारी मंडळी होती. फुटबॉलला हे सगळे आयते मिळाले. शिवाय सगळे संघ एका शहरातले, पायी येण्याच्या अंतरावरचे, आणि खेळायला शाहू स्टेडियम. तेव्हा कुस्ती ही फुटबॉलची वैरीण नाही. उलट तालीम ही महाराष्ट्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ क्रीडासंस्था आहे. बीडमध्ये तालमी होत्या आणि आहेत. कमी होते ते एकगठ्ठा शहर आणि रिकामा हिवाळा.

बीडची कुस्ती कशी चालते हे जवळून पाहिले की उतरंड म्हणजे काय ते कळते. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत गावोगावच्या जत्रा असतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलली की हगामा सुरू होतो. हलगी वाजू लागते, आणि आधी उतरतात ती सात-आठ वर्षांची पोरे, रेवड्यांवरच्या कुस्त्यांना. मग नारळावरच्या, मग पाच-पन्नास रुपयांच्या. पंच दोन पोरांचे हात धरून त्यांना फडभर फिरवतात, वजन आणि अंगलट पाहून जोड लावतात. जिंकणाऱ्याच्या हातावर प्रेक्षकांतून नोटा पडतात. इनाम चढत जाते आणि दिवस मावळताना मानाची शेवटची कुस्ती होते. तळापासून शेंड्यापर्यंतचे सगळे थर एका संध्याकाळी एकाच मातीत दिसतात, आणि सर्वांत खालच्या थरात शिरायला नोंदणी, शुल्क, बूट काहीच लागत नाही. इथे नाव काढलेला पोरगा तालुक्याच्या हगाम्याला जातो, तिथून जिल्ह्याच्या निवड चाचणीला, पुढे 1961 पासून होत आलेल्या महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनाला. पाटोद्याचा राहुल आवारे याच मातीतून पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत गेला, नंतर काका पवारांकडे घडला, 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलाचे सुवर्ण जिंकला आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. ही उतरंड बीडमध्ये उभी राहिली, कारण तिचा सर्वांत खालचा थर गावाच्या पंचांगात बसवलेला आहे. जत्रा चैत्रात येते, आणि चैत्रात माणसे गावी असतात.

वर्षातले सहा महिने ती नसतात, हीच बीडची गोष्ट आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला आणि पुढच्या दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तोडणीला माणसे लागली ती बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून: पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी. 1972 च्या दुष्काळानंतर हा ओघ आणखी वाढला. मुकादम उचल देतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. थोरली पोरे सोबत जातात, मागे राहणारी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. देशातल्या बहुतेक फुटबॉल लीगचा हंगाम कोणता? पावसाळा सरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचा. म्हणजे नेमका गाळपाचा. ज्या महिन्यांत लीगला दर आठवड्याला तेच अकरा गडी हवेत, त्याच महिन्यांत तांड्या-वाड्यांतले पंधरा ते पंचवीस वयाचे मनुष्यबळ उसाच्या फडात असते. हैदराबादचे पोलीस रोव्हर्स चषक उचलत होते त्याच दशकात बीडच्या हिवाळ्यावर कारखान्याचा भोंगा हक्क सांगू लागला.

यावर कोणी म्हणेल की बीडला लीगची गरजच काय? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लीगशिवायच 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 चे राष्ट्रकुल रौप्य आणि 2023 चे आशियाई सुवर्ण जिंकला. युक्तिवाद बरोबर आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. धावपटू किंवा पैलवान एकटा घराबाहेर पडू शकतो. साबळेला महार रेजिमेंटने हात दिला, आवारेला पुण्याच्या तालमीने. अकरा जणांना एकाच वेळी उचलून नेणारी रेजिमेंट किंवा तालीम नसते. सांघिक खेळाडू घडतो तो घरच्या मैदानावर, समोर तोलामोलाचा संघ असताना, पुन्हा पुन्हा खेळूनच. शालेय फुटबॉलने ही उणीव भरून निघते असेही नाही. 1960 पासूनचा सुब्रतो चषक तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा वर चढतो, पण बाद पद्धतीने. साधा हिशोब करू. 11 तालुक्यांचे 11 संघ बाद पद्धतीने खेळले तर एकूण सामने होतात 10, आणि बहुतेक संघांचे वर्ष एक-दोन सामन्यांत संपते. तेच संघ साखळीत एकदा-एकदा भिडले तर सामने होतात 55, आणि शेवटच्या क्रमांकावरचा संघही 10 सामने खेळतो. 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने 10 लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याची मोहीम काढली होती. कल्पना उदार होती. पण खेळाडू एका दिवसाने घडत नाही, हरल्यावर पुढच्या रविवारी पुन्हा मिळणाऱ्या सामन्याने घडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वर पैसा आला की तो खाली झिरपेल, तोवर जिल्ह्यांनी धीर धरावा. महाराष्ट्रापुरता या विश्वासाचा ताळेबंद निराशाजनक आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2006 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. 2009-10 चा हंगाम आटोपताच मालकांनी तो बंद केला. दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला पुणे एफसी 2015 मध्ये गेला, मुंबई एफसी 2017 मध्ये, आणि सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. हे सगळे शेंड्याचे संघ होते, पगारी खेळाडूंचे, दूरदर्शनवर दिसणारे. मंडळाच्या एका बैठकीत निर्णय झाला आणि ते पुसले गेले. उलट कोल्हापूरच्या ज्या तालमींचे नाव राष्ट्रीय तक्त्यात कधी झळकले नाही, त्या आजही संघ उतरवतात, कारण त्यांचा मालक पेठ आहे. खालचा थर वरच्यावर अवलंबून असतो ही समजूत त्यामुळे उलटी ठरते. वरचा थर कोसळतो तेव्हा खेळ टिकवून धरतो तो तळच.

मात्र कोल्हापूरचे उदाहरण देताना त्यातली उणीवही सांगितली पाहिजे. इतकी जिवंत लीग असून तिचे संघ वर चढले नाहीत. तिथला अनिकेत जाधव 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. खेळाडू चढला, क्लब खालीच राहिला. वरच्या टोकालाही दार फार उशिरा उघडले. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाण्याचा पहिला मान पंजाबला 2023 मध्ये मिळाला, दुसरा मोहम्मेडन स्पोर्टिंगला 2024 मध्ये. तेव्हा तळ भक्कम असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. जिल्ह्याचा विजेता राज्याच्या स्पर्धेत हक्काने जाईल, असा जिना संघटनेनेच बांधावा लागतो. पण जिना बांधण्याआधी खालची जमीन हवी, आणि बीडमध्ये ती कोणत्या महिन्यांत सापडेल याचे उत्तर जिल्ह्याचे पंचांगच देते.

ते महिने आषाढ ते भाद्रपद. टोळ्या परतलेल्या असतात, शाळा भरलेल्या असतात, पेरण्या उरकलेल्या असतात आणि मुकादमाच्या गाड्या यायला अवकाश असतो. पावसात कसला फुटबॉल, ही शंका बीडसाठी गैरलागू आहे. कलकत्त्याची लीग पिढ्यान्‌पिढ्या पावसातच खेळली गेली आहे, आणि बीड तर पर्जन्यछायेतला जिल्हा; इथे चिखलापेक्षा उघडीपच जास्त वाट्याला येते. खुरपणी-कोळपणीच्या दिवसांत रोजचे सामने जमणार नाहीत, पण रविवार जमतील, आणि तालुक्याला एक संघ धरला तर 11 रविवारांत सगळी साखळी पुरी होते. संघ उभे करायला नवी संस्था नको; तालमी आहेत, जत्रेची वर्गणी काढणारी पंचमंडळी आहेत. राज्य संघटनेने करायचे ते एवढेच: सगळ्या जिल्ह्यांना एकाच हिवाळी चौकटीत कोंबू नये, बीडचा पावसाळी हंगाम अधिकृत मानावा आणि त्याच्या विजेत्याला पुढची पायरी लेखी द्यावी. ऊसतोड कामगाराच्या पोराला राष्ट्रीय उतरंडीत जागा आहे असे नियम म्हणतो. तो घरी असतो त्या महिन्यांत सामने ठेवल्याशिवाय त्या नियमाला अर्थ येणार नाही.