बार्शी लाईटची सोडलेली वाट

आगगाडी बंद पडली म्हणजे प्रथम रूळ उचलले जातात, मग स्लीपर हालतात, स्टेशनांचीं दारें आणि तावदानें एकेक करून नाहींशीं होतात. मातीचा भराव मात्र जागच्या जागीं राहतो. हा भराव म्हणजे मुरुमाचा आणि मातीचा एक लांबच लांब, अरुंद, जवळजवळ सपाट पट्टा. मोटारीला तो पुरत नाहीं. पण पायीं चालणाऱ्यास आणि सायकलस्वारास याहून सोयीची वाट माणसाच्या हातून क्वचितच तयार झाली असेल. असा पट्टा लातूर आणि बार्शी यांच्या दरम्यान, जेथें जेथें नव्या रेल्वेनें जुना मार्ग सोडला तेथें तेथें, तुकड्यातुकड्यांनीं पडून आहे. त्याचा पूर्ववृत्तांत काय, आणि त्याचें पुढें काय व्हावें, याविषयीं श्रोत्यांशीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

सोलापूरकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मोठा मार्ग बार्शीस बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला. कुर्डुवाडीच्या स्टेशनास नांव मात्र ‘बार्शी रोड’ असें दिलेलें! नांवांत बार्शी होती. पण बार्शीचा कापूस आणि गळिताचीं धान्यें यांना या बार्शी रोडपर्यंत एकवीस मैल बैलगाडीचा प्रवास करावा लागे. ही अडचण एव्हरार्ड काल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें हेरली. तो जी. आय. पी. रेल्वेच्याच नोकरींत हिंदुस्थानांत आलेला. लंडन येथें १८९५ सालीं बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्यें बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही गाडी सुरू झाली.

मोठ्या लाईनीच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट; या लाईनीचें अडीच फूट. एवढ्यावरून ही लाईन म्हणजे खेळण्यांतली गाडी असा कोणाचा समज झाला तर तो चुकीचा होय. काल्थ्रॉपचें मुख्य सूत्र असें होतें कीं, रूळ हलके असले तरी चालतील, गाडीच्या कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. त्याच्या रुळाचें वजन यार्डास अवघें तीस पौंड होतें. म्हणून त्यानें लीड्सच्या किटसन कारखान्यांतून जीं इंजिनें मागविलीं, त्यांना आठ चाकें एकत्र जोडलेलीं आणि मागें आणखी चार होतीं. ओझें दोन बैलांवर न घालतां सहांवर वांटावें, तसा हा प्रकार. मालाच्या वाघिणीहि त्याच मर्यादेपर्यंत भरतील अशा बेतानें बनविल्या होत्या. त्यामुळें रुळाची शक्ति वायां जात नसे आणि त्याजवर अत्याचारहि होत नसे. गाड्या इकडे धाडण्यापूर्वीं लीड्सजवळ खास रूळ घालून त्यांची परीक्षा घेण्यांत आली. (हाच काल्थ्रॉप पुढें विमानांतून उडी घेणाऱ्यांसाठीं छत्री बनविण्याच्या नादीं लागला. पहिल्या महायुद्धांत ‘गार्डियन एंजल’ म्हणून जी छत्री प्रसिद्ध झाली ती त्याचीच.)

या यंत्रविद्येचा पायीं चालण्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदीं निकटचा आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार थोड्या घर्षणानें धांवतें. म्हणून सपाटीवर तें मोठें ओझें ओढतें आणि चढावर लवकर थकतें. रेल्वे बांधणारा शेंकडों फूट फिरून जाईल, भराव घालील, टेकडी खोदील, पण चढ सौम्य ठेवील. त्यांत अडीच फुटी लाईनीला मोठ्या लाईनीपेक्षां तीव्र वळणें घेतां येतात. त्यामुळें ती टेंकाडें फोडीत न जातां त्यांना वळसा घालून जाते. जिला चढ सोसत नाहीं आणि वळणाचें भय वाटत नाहीं अशी वाट सायकलस्वारास आणखी कोठें मिळणार?

लाईन पुढें वाढत गेली. १९०६ सालीं ती पंढरपुरास पोंचली, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस. एकूण लांबी दोनशें दोन मैल झाली. यांतील लातूरची शाखा विशेष महत्त्वाची, कारण ती दोन राज्यांत होती. बार्शी इंग्रजी मुलखांत, सोलापूर जिल्ह्यांत. आणि तेथून थोडें पूर्वेस गेलें कीं निजामाची हद्द. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली रुपया. अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. आणि मध्यें करोडगिरीचें नाकें. येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड अशीं स्टेशनें घेत गाडी लातुरास जाई. उस्मानाबाद हें जिल्ह्याचें ठाणें, परंतु तें लाईनीवर नव्हतें. लातूर हें त्याच जिल्ह्यांतील एक गांव, तें मात्र लाईनीच्या टोंकाशीं. आणि व्यापार टोंकाशींच सांचतो. १९१७ सालची गंजगोलाई ही त्या भरभराटीची खूण आहे. सोळा रस्ते जिच्यापाशीं एकत्र येतात ती वर्तुळाकार पेठ, लाईन आल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं उभी राहिली. लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. पण त्याचा पाया, माझ्या मतें, त्या अडीच फुटी रुळांवर घातला गेला.

आणि हा प्रदेश व्यापाराला नवा नव्हता. ढोकीहून थोड्या अंतरावर तेरणेच्या कांठीं तेर आहे. संत गोरा कुंभाराचें गांव म्हणून तें सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेंच प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलें असून, तेथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास नेत, असा उल्लेख आहे. रेल्वेचा भराव सोडून वाट वांकडी करावी असें एकच ठिकाण निवडावयाचें असेल तर मी तेर निवडीन. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ चैत्याच्या घाटाचें आहे. तसलें देऊळ महाराष्ट्रांत दुसरें दाखविणें कठीण.

१९४७-४८ च्या वर्षांत ही सरहद्द पेटली. हैदराबाद संस्थानच्या मुक्तीसाठीं लढणाऱ्यांचीं ठाणीं बार्शीच्या बाजूस हद्दीलगत होतीं, आणि रझाकारांच्या जुलमास कंटाळलेलीं कुटुंबें बार्शी-सोलापुराकडे येत होतीं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर करोडगिरीचें नाकें निरर्थक झालें. १ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें कंपनी विकत घेतली आणि ‘बार्शी लाईट’ मध्य रेल्वेंत विलीन झाली. गाडी मात्र त्याच मंद गतीनें आणखी अर्धशतक चालली. आषाढींत पंढरपूरच्या वारकऱ्यांसाठीं डबे अपुरे पडत आणि मालाच्या वाघिणींतून माणसें बसवावीं लागत. चालत्या गाडींतून उतरून पुन्हां बसतां येई, असें तिच्याविषयीं विनोदानें सांगतात. पण हा विनोद जगांतील प्रत्येक छोट्या लाईनीविषयीं सांगितला जातो, तेव्हां त्यावर फार विसंबूं नये.

रुंदीकरण झालें आणि २००८ सालापर्यंत लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग साडेपांच फुटी झाला. नांदेडचीहि जुनी लाईन मीटर मापाची होती. गोदावरीच्या खोऱ्यांतील त्या मार्गाचें रुंदीकरण बहुतेक जुन्याच भरावावर झालें, म्हणून नांदेडकरांस सोडलेली वाट अशी उरली नाहीं. लातूरच्या बाबतींत तसें झालें नाहीं. धाराशिव शहर लाईनीवर घ्यावें ही जुनी मागणी होती. ती पुरी करण्यासाठीं नवी लाईन वळवून नेली, आणि बार्शी-येडशीच्या बाजूचा जुना मार्ग मोकळा पडला. लातूर शहरांतहि नवें स्टेशन बाहेर गेलें. आंतल्या जुन्या लाईनीची आठवण मुख्यतः घरांच्या पत्त्यांत उरली आहे.

जुन्या वाटेचें मोल काय असतें तें एप्रिल २०१६ मध्यें दिसलें. लातुरास पिण्याचें पाणी उरलें नाहीं, तेव्हां मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या गाडींत दहा वाघिणी, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा तिचा रस्ता होता. रूळ नवे होते, पण मिरज आणि लातूर यांना जोडणारी ही रेघ जमिनीवर काल्थ्रॉपच्या कंपनीनें काढलेली होती. तिच्यासाठीं एके काळीं शेंकडों शेतकऱ्यांची जमीन संपादन झाली. अशी सलग पट्टी आज नव्यानें मिळवूं म्हटलें तर किती वर्षें लागतील याचा विचार करावा. आणि मोकळ्या पडलेल्या भागांत होणारी हानि नेमकी हीच आहे: कोणी बांध सरकवितो, कोणी मुरूम उचलून नेतो, मोरीचे घडीव दगड दुसऱ्या बांधकामास लागतात. दहा मैलांची वाट मध्यें एका जागीं तुटली कीं ती दहा मैलांची राहत नाहीं.

इंग्लंडमध्यें स्टॅफर्डशायरांत काल्थ्रॉपनेंच बार्शीच्या धर्तीवर अडीच फुटी लाईन बांधली होती. लीक अँड मॅनिफोल्ड असें तिचें नांव. तिचीं इंजिनेंहि किटसनचींच. १९०४ सालीं ती सुरू झाली आणि १९३४ सालीं तोट्यामुळें बंद पडली. रेल्वे कंपनीनें भरावाची जमीन तुकडे करून विकली नाहीं. ती तेथील काउंटी कौन्सिलच्या हवालीं केली, आणि १९३७ सालीं त्यावर पादचाऱ्यांची वाट खुली झाली. आज तीवरून लोक पायीं आणि सायकलीनें मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यांत हिंडतात. म्हणजे बार्शी लाईटच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला जें साधलें, तें थोरलीला अजून साधलेलें नाहीं. अमेरिकेनें १९८३ सालीं याहून पुढचें पाऊल टाकलें: बंद लाईनीचा पट्टा तात्पुरता वाटसरूंना द्यावा, परंतु पुढें रेल्वेस लागल्यास परत घेतां यावा, अशी कायद्यांतच तरतूद केली. आपल्या रेल्वेखात्यास जमीन हातची जाण्याची जी भीति वाटते, तिला हें उत्तर पुरेसें आहे. गांवठाणांत सांपडलेला भाग रस्त्यास गेला तर त्याविषयीं तक्रार नाहीं; गांवाबाहेरचा तरी एकसंध ठेवावा.

ज्यांना आज जावयाचें असेल त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. जेथें गाड्या चालू आहेत त्या लाईनीवरून चालणें जिवास अपाय करणारें आहे आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानें गुन्हाहि आहे. सोडलेल्या भागावरूनच जावें, आणि भराव शेतांतून जात असेल तर शेतकऱ्यास विचारून जावें. पहिल्या फेरीस येडशीजवळचा रामलिंगाचा परिसर उत्तम. दाट झाडी, घळींतलें देऊळ, माकडांचा सुळसुळाट. १९९७ पासून हें अभयारण्य आहे, तेव्हां वनखात्याचे नियम पाळावे लागतात. पावसाळ्यांत काळी माती चाकांना अशी धरते कीं सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून मार्गशीर्ष ते माघ हे महिने चांगले. भरावावर वेडी बाभूळ माजते आणि तिचा कांटा जाड टायरांतूनहि जातो. पंक्चर काढण्याचें सामान आणि दोन माणसांपुरतें पाणी जवळ असावें. जुन्या स्टेशनांवर आतां पाणी मिळत नाहीं.