पायातली दारं

पायांवर काही लिहावे असे मला कधी वाटले नव्हते. साडीच्या आड राहिलेली गोष्ट ती, तिची चर्चा कशाला? पण गेल्या वर्षी डाव्या पोटरीवरच्या निळ्या गाठींपाशी खाज सुटू लागली, घोट्याजवळची कातडी काळवंडली, आणि लेकीने हट्टाने डॉक्टरांकडे नेले. तिथे जे ऐकले, त्यातून मी थेट इटलीतल्या पादुआ शहरात जाऊन पोचले. (पुस्तकांतून हो! पाय अजून एवढे चालत नाहीत.)

डॉक्टर आमच्याच भागातले, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी मला टेबलावर निजवले, पाय उंच उचलून धरला, शिरा रिकाम्या झाल्यावर मांडीला रबरी नळी आवळली आणि म्हणाले, "आता उभ्या राहा, बाई." उभी राहिले. मग त्यांनी नळी सोडली. वरून खाली, बघता बघता शीर फुगत गेली. "ही जुनी परीक्षा," ते म्हणाले. "ट्रेंडेलेनबुर्ग नावाचे जर्मन सर्जन होते, १८९० च्या सुमाराला, त्यांची. आता सोनोग्राफीत सगळं दिसतं, पण मला अजून डोळ्यांनी बघायला आवडतं. रक्त वर जायला हवं, तुमचं खाली येतंय. शिरांमधली दारं लागत नाहीत तुमची."

दारं! हा शब्द कानावर पडला आणि मी चाळीस वर्षे मागे गेले.

१९८४-८५ साल असेल. सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातली शाळा. मी मराठी आणि इतिहास शिकवायची, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचे तास माझ्या गळ्यात पडत. त्या दिवशी आठवीला रक्ताभिसरण होते. तेव्हा आम्ही रोहिणी आणि नीला म्हणायचो. पुढे पुस्तकांत धमनी आणि शिरा आल्या. (मला अजूनही नीला हेच नाव आवडते. दिसते तशीच आहे.) मुले सगळी शेतकऱ्यांची, म्हणून मी त्यांच्या ओळखीचा दाखला दिला. हृदय म्हणजे विहिरीवरचा पंप, रक्तवाहिन्या म्हणजे पाट, आणि आपले हातपाय म्हणजे वाफे. मुलांनी माना डोलावल्या. मीही स्वतःवर खूश.

मागच्या बाकावर एक मुलगा होता. पहिल्या तासाला हमखास पेंगायचा, कारण रात्री लाइट आली की तो वडिलांबरोबर दारं धरायला जायचा. शहरातल्या माझ्या भाचरांसाठी सांगते: पाटातून वाफ्यात पाणी जायला मातीच्या बांधात जी फट ठेवतात ते दार. एक वाफा भरला की फावड्याने ते दार बंद करायचे आणि पुढचे उघडायचे. हे केले नाही तर सगळे पाणी उताराच्या शेवटच्या वाफ्यात जाऊन साचते आणि वरचा ऊस कोरडा राहतो. रात्रभर चिखलात उभे राहून हे करणे म्हणजे दारं धरणे.

तो मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, पाटाचं पाणी वाफ्यात मुरतं. ते परत विहिरीत येत नाही. मग पायातलं रक्त वर कोण आणतं?"

मी म्हणाले, "हृदयच आणतं. बस खाली."

तो बसला. मला उत्तर येत नव्हते, आणि येत नाही असे म्हणायची माझी तेव्हा हिंमत नव्हती. तास संपला.

आता पादुआकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. पाटाचा दाखला माझा एकटीचा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरा सांगितल्या आहेत, त्यांतल्या शंभर एकेका पायात. त्यांचे मूळ नाभीत, आणि पाटांनी बाग किंवा शेत भिजावे तसे त्या शरीराला भिजवतात, असे सांगितले आहे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही रक्तवाहिन्यांना बागेतल्या पाटांचीच उपमा दिली. दोन्हीकडची माणसे शेती बघत मोठी झालेली, त्यांना दुसरे काय सुचणार? आणि दुसऱ्या शतकातल्या गॅलेन नावाच्या वैद्याने जे सांगितले ते तर युरोपात पुढची चौदाशे वर्षे चालले: रक्त यकृतात तयार होते, शिरांतून बाहेर हातापायांकडे जाते आणि तिथे जिरून जाते. म्हणजे वाफ्यात मुरलेले पाणीच. परत येण्याचा प्रश्नच नाही.

पादुआच्या विद्यापीठात १५६५ पासून जिरोलामो फाब्रिझियो शरीररचना शिकवत होता. आक्वापेन्देन्ते गावचा, म्हणून त्या गावाच्या नावानेही ओळखला जातो. त्याच्या काळात, १५९५ च्या सुमाराला, तिथे शवविच्छेदनासाठी एक लाकडी रंगमंडप बांधला गेला. तो आजही जागेवर आहे. त्याचा फोटो मी बराच वेळ बघत बसले. तळाशी एक टेबल मावेल एवढीच जागा आणि भोवती विहिरीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक सहा लंबगोल कठडे. बसायची सोय नाही. विद्यार्थी कठड्याला रेलून, एकमेकांना चिकटून, उभे राहून बघायचे. मला पहिल्यांदा काय वाटले असेल? बिचाऱ्यांचे पाय!

या फाब्रिझियोला १५७४ मध्ये शिरांच्या आत पातळ पडदे दिसले. पुढे १६०३ मध्ये त्याने त्यांवर एक लहानसे पुस्तक काढले. लॅटिन नावाचा अर्थ काय असेल म्हणता? 'शिरांमधल्या लहान दारांविषयी'. हे वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाचा शब्द चारशे वर्षांपूर्वी पादुआत छापला गेला होता.

पुस्तकात सुरेख चित्रे आहेत. एका चित्रात दंडाला पट्टी बांधलेला हात आहे, आणि फुगलेल्या शिरांवर जिथे जिथे दार आहे तिथे गाठ उठलेली दाखवली आहे. सगळे डोळ्यांसमोर होते. आणि या दारांचे काम काय, तर फाब्रिझियो म्हणतो: बाहेर जाणाऱ्या रक्ताला जरा अडवून धरणे, म्हणजे ते सगळे एकदम हातापायांत जाऊन साचणार नाही आणि वरचे भाग उपाशी राहणार नाहीत.

अगदी दारं धरणे! उताराच्या वाफ्यात पाणी तुंबू नये म्हणून बांध. इतके हुशार, इतके पटणारे, आणि साफ चूक. दार त्याने शोधले, पण ते कोणत्या बाजूला उघडते याचा अर्थ त्याला लागला नाही, कारण रक्त कुठून कुठे जाते हे त्याला आधीच 'माहीत' होते. मला त्याला हसता आले नाही.

पुस्तक निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, १६०२ मध्ये, विल्यम हार्वी नावाचा तरुण इंग्रज पादुआची पदवी घेऊन घरी परतला होता. तो फाब्रिझियोचा विद्यार्थी. त्या कठड्यांना रेलून उभ्या राहणाऱ्यांतला एक. पुढे सव्वीस वर्षांनी, १६२८ मध्ये, हार्वीने फ्रँकफुर्टला एक पुस्तक छापून घेतले, फक्त बहात्तर पानांचे. रक्त गोल फिरते, हृदयातून निघून हृदयाकडेच परत येते, हे त्यात मांडले. तेराव्या प्रकरणात ही दारे येतात. आणि चित्र कोणते? गुरूचेच! तोच पट्टी बांधलेला हात, तशाच गाठी. हार्वीने भर घातली ती फक्त बोटांची.

तो प्रयोग कुणालाही करता येतो. दंडाला पट्टी बांधा, फार घट्ट नको. शिरा फुगल्या की हाताच्या टोकाकडे एका बोटाने शीर दाबून धरा, आणि दुसऱ्या बोटाने तिथपासून वरच्या गाठीच्या पलीकडे रक्त सारून द्या. मधला तुकडा रिकामा राहतो. वर रक्त भरलेले असूनही ते खाली येत नाही. खालचे बोट उचला, शीर लगेच भरते, खालून. मी माझ्या हातावर करून पाहिले. म्हातारपणाचा हा एक फायदा, शिरा शोधाव्या लागत नाहीत.

हार्वीने मृत शरीरातल्या शिरेत सळईही घालून पाहिली. हृदयाच्या दिशेने ती सहज सरकायची, उलट घातली की अडायची. पण मला सगळ्यात आवडला तो त्याचा मानेचा मुद्दा. तो म्हणतो, रक्त पायांत साचू नये म्हणून ही दारे असतील, तर मानेतल्या शिरांमध्ये ती का आहेत? आणि तिथे ती खालच्या बाजूला उघडतात. म्हणजे दारांना वर-खाली कळत नाही. त्यांना एकच दिशा कळते, हृदयाची. एका प्रश्नात गुरूचा सगळा बांध फुटला.

आणि हे लिहिताना हार्वी गुरूचे नाव आदराने घेतो, वयोवृद्ध, पूज्य अशा शब्दांत. दारे शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग कळला नाही, हेही तो तिथेच स्पष्ट लिहितो. दोन्ही एकाच पानावर. फाब्रिझियो १६१९ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याला हे वाचायला मिळाले नाही. बरे झाले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६८८ मध्ये लिहून ठेवले आहे की, रक्ताभिसरणाचा विचार तुम्हाला कशावरून सुचला असे त्याने हार्वीला विचारले होते, आणि हार्वीने उत्तर दिले, शिरांतल्या त्या दारांवरून.

असो. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिलेच आहे. दारे रक्ताला परत पडू देत नाहीत, पण वर ढकलते कोण? हृदयाचा जोर बारीक बारीक वाहिन्यांतून जाता जाता बराच संपलेला असतो. (त्या वाहिन्याही हार्वीला दिसल्या नाहीत. मालपिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, तोवर हार्वी जाऊन चार वर्षे झाली होती.) पायातले रक्त मुख्यतः पोटरी वर पाठवते. पोटरीच्या दोन मोठ्या स्नायूंपैकी बाहेरच्याचे नाव गॅस्ट्रोक्नेमियस. हे नाव बघून दडपून जाऊ नका, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचे पोट एवढाच आहे, आणि आपल्या पोटरीतही पोट दिसतेच. त्याच्या आतला सोलियस. पाऊल टाकले की हे स्नायू आवळतात, मधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वरच्या दारातून पुढे जाते. स्नायू सैल पडला की दार मिटते. रक्तदान शिबिरात हातात चेंडू देऊन दाबायला सांगतात ना, तेच हे.

नुसते उभे राहिले तर पंप बंद. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो, चालू लागला की तो ३० च्या खाली येतो. दाबाने शीर ताणली की दाराच्या दोन फळ्या एकमेकींना पोचत नाहीत. एक दार निकामी झाले की भार खालच्या दारावर, मग त्याच्या खालच्यावर. माझ्या आईलाही हेच होते, तेव्हा दोष सगळा उभे राहण्याचा नाही. पण आमच्या वर्गात खुर्ची फक्त शोभेला असायची. बसलेला शिक्षक हेडमास्तरांना खपत नसे, आणि मी पस्तीस वर्षे टेबलाला टेकून शिकवले.

रोग मात्र फार जुना. रोमचा सेनापती मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा गाठी होत्या. प्लुटार्कने लिहिले आहे की त्याने बांधून न घेता एक पाय पुढे केला, कापताना हू की चू केले नाही, आणि वैद्य दुसऱ्या पायाकडे वळल्यावर सांगितले की, एवढ्या दुखण्याच्या मानाने हा फायदा काही मोठा नाही. मी एवढी शूर नाही. मी घट्ट मोजे घालते, रोज सकाळी चालते, आणि लेसरचे पुढच्या महिन्यात ठरवू असे लेकीला दर महिन्याला सांगते.

मागच्या हिवाळ्यात गावाकडे एका लग्नाला गेले होते. तिथे तो मुलगा भेटला. मुलगा कसला, पन्नाशी उलटली, केस पांढरे. पाया पडला. मी त्याला शेजारी बसवले, सगळे सांगितले, हार्वी, पोटरी, दारे, आणि म्हटले, "तुझा प्रश्न बरोबर होता रे. मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून खाली बसवलं तुला."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "असं विचारलं होतं होय मी?" त्याला काहीच आठवत नव्हते. मग म्हणाला, "पण बाई, आता दारं कोण धरतंय? सगळं ड्रिपवर आहे." आणि माझे पाय ठेवायला दुसरी खुर्ची आणायला उठला.